10 मीटर एअर पिस्तूल, फुल साइज की कॉम्पॅक्ट: मिरग ते दिवाळी

मागच्या नोंदीत एक प्रश्न लोंबकळत राहिला होता. रत्नागिरीच्या रेंजवर एक फुल साइज (लांब बॅरलचं, म्हणजे नळीचं) आणि एक कॉम्पॅक्ट (आखूड बॅरलचं) अशी दोन पिस्तुलं आहेत, तर कोणाच्या हातात कोणतं द्यायचं? पावसाळा सरला, आता बरंचसं ठरलंय.

आधी साइट रेडियसचा बाऊ बाजूला ठेवू. बॅरल लांब म्हणजे दोन साइटमधलं (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं) अंतर जास्त, म्हणून नेम चांगला, हे सगळेच सांगतात. गणित करून बघा. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत 0.1 मिमी सरकली, तर 350 मिमी रेडियसच्या पिस्तुलात 10 मीटरवर छर्रा साधारण 2.9 मिमी हलतो, 315 मिमीच्या पिस्तुलात 3.2 मिमी. टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरी 8 मिमीवर. म्हणजे फरक 0.3 मिमीचा. एवढ्यासाठी कुणी लांब बॅरल घ्यायची गरज नाही.

खरा फरक वजन कुठे बसतं याचा. फुल साइज साधारण 950 ते 1000 ग्रॅम, कॉम्पॅक्ट त्याहून पन्नास-शंभर ग्रॅम हलकं. आकडा छोटा वाटतो, पण कमी झालेलं वजन बॅरलच्या टोकाचं आणि दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं असतं, मनगटापासून लांबचं. फुल साइजची थरथर संथ, कॉम्पॅक्टची बारीक आणि भरभर. ताज्या हाताला संथ थरथर सोपी जाते. चाळिसाव्या शॉटनंतर तेच टोक खाली ओढायला लागतं.

म्हणून निवड अशी करा. दोन्ही पिस्तुलांनी वेगवेगळ्या दिवशी 60-60 शॉट मारा आणि फक्त शेवटचे 20 टार्गेटवर वेगळे खुणावा. ग्रुप (छर्‍यांच्या छिद्रांचा पुंजका) उभा आणि खाली घसरलेला असेल, तर पुढचं वजन जास्त होतंय. आडवा पसरला असेल, तर दोष ग्रिपचा (मुठीचा) किंवा ट्रिगरवरच्या बोटाचा, पिस्तूल बदलून काही होणार नाही. दुसरी चाचणी गोळीविना: डोळे मिटून हात उचला, स्थिर झाल्यावर डोळे उघडा. पुढची साइट खाचेत मधोमध नसेल, तर आधी ग्रिप बघा.

आमचं मत असं की सोळाच्या आतली मुलं आणि बारीक मनगटाचे नेमबाज यांनी सरळ कॉम्पॅक्ट घ्यावं. त्याला पुढे वजनं लावता येतात, दोन-तीन चढवली की चाल फुल साइजच्या जवळ जाते. फुल साइजची बॅरल मात्र कापता येत नाही. ज्यांच्याकडे फुल साइज आहे, त्यांनी नवीन घ्यायच्या आधी लावलेली सगळी वजनं काढून महिनाभर बघावं. नियमात पूर्ण पिस्तुलाच्या वजनाची मर्यादा 1500 ग्रॅमची आहे, ती कोणी गाठत नाही.

कॉम्पॅक्टची खोट हवेत. सिलिंडर लहान, 200 बार दाबाला भरला तर शंभर-सव्वाशे शॉट. सामन्याचे 60, त्याआधीचे सरावाचे पंधरा-वीस आणि फायनलचे 24 धरले, तर काठावरच. दुसरा भरलेला सिलिंडर सोबत हवा. जुनं पिस्तूल घेताना सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात.

आता किनाऱ्यावरची गोष्ट, आणि इथेच हातपंपाने सिलिंडर भरणारे फसतात. पावसाळ्यात 30 अंश तापमानाला, 85 टक्के दमटपणात एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाणी असतं. सिलिंडर 100 घनसेंटीमीटरचा धरला तर 200 बारला 20 लिटर हवा कोंबली जाते, म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी, दहाएक थेंब. पंपातला ड्रायर आणि निचऱ्याचा स्क्रू त्यातलं बरंच अडवतात, पण स्क्रू प्रत्येक वेळी उघडला तरच. उरलेलं रेग्युलेटरपर्यंत (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागापर्यंत) जातं. मग छर्‍याची गती कमी-जास्त होते आणि ग्रुप उभा दिसतो. तोच उभा ग्रुप ज्याला लोक हात थकला म्हणतात! फरक ओळखायची खूण अशी: पिस्तूल टेकवून मारलं तरी ग्रुप उभाच राहिला, तर दोष हवेचा. पन्नास दाबांनंतर पाच मिनिटं पंप थंड होऊ द्या. मालवण-तारकर्लीकडे डायव्हिंगचा सिलिंडर मिळत असेल तर उत्तम, त्याची हवा गाळून कोरडी केलेली असते. योग्य अडॅप्टर मात्र हवा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका, स्फोट होऊ शकतो. ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावा, मशीनचं तेल नको.

ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची. आषाढात ती फुगते आणि हात आवळल्यासारखा वाटतो. तेव्हा कानस हातात घेऊ नका. आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा हिवाळ्यात पुण्याच्या बालेवाडीला गेलात की लाकूड आकसतं आणि घासलेली ग्रिप सैल पडते. बसवणीचं काम नोव्हेंबरात करा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने, खाचा भरायला इपॉक्सी पुट्टी.

फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवू नका, फोम खारी ओल धरून बसतो. डबा हवाबंद, आत निळं सिलिका जेल. गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत परता.

ट्रिगर मेकॅनिकलच बरा. इलेक्ट्रॉनिक फार मऊ लागतो, पण ओल आणि विजेची जोडणी यांचं जमत नाही, आणि दुरुस्ती किनाऱ्यावर होत नाही. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं होतं, ते विसरू नये. ट्रिगरचं किमान वजन (तो ओढायला लागणारा जोर) 500 ग्रॅम. ते 510 ते 520 वर ठेवा, आणि प्रवास करून आल्यावर वजन लटकवून पुन्हा तपासा.

25 मीटरच्या .22 पिस्तुलात हा वाद फारसा उरत नाही. पिस्तूल मावायलाच हवं असा 300×150×50 मिमीचा मोजणीचा डबा, 153 मिमीपर्यंत बॅरल, 220 मिमीपर्यंत साइट रेडियस, या चौकटीत सगळीच पिस्तुलं जवळपास सारखी येतात. ट्रिगर 1000 ग्रॅम, आणि परवाना लागतोच.

पुढच्या नोंदीत 4.48, 4.49 आणि 4.50 मिमीचे छर्रे दोन्ही बॅरलमधून टेकवून मारू.