बंद मॉनिटर संगणकाला जोडलेलाच का दिसतो

मे महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी सांगलीत वळवाचा पाऊस आला आणि विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतली वीज गेली. मार्केट यार्डातील हळदीच्या दोन पेढ्यांचे हिशेब मी घरून लिहिते. त्यांपैकी एक पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असल्यामुळे तिचे जीएसटीचे मासिक विवरणपत्र डिजिटल स्वाक्षरीने दाखल करावे लागते, आणि एप्रिलच्या विवरणपत्राची मुदत त्याच रात्री संपत होती. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, राउटर इन्व्हर्टरवर होता. काळा पडला होता तो फक्त टेबलावरचा मोठा मॉनिटर. त्यामुळे काम अडण्याचे काही कारण मला दिसत नव्हते.

स्वाक्षरीचे बटण दाबले आणि पुढे काहीच घडले नाही. दुसऱ्यांदा दाबले, पान नव्याने उघडले, स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे छोटे साधन) काढून पुन्हा बसवले, तरीही तेच. शेवटच्या दिवशी संकेतस्थळावर ताण असतो, म्हणून दोष तिकडचाच असेल असे समजून मी अर्धा तास वाट पाहिली. मग एकदा माऊस हलवताना त्याचा बाण लॅपटॉपच्या पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर गेला आणि दिसेनासा झाला. उजवीकडे सरकवल्यावर तो त्याच कडेतून परत आला. बाण जिथे जाऊन येत होता तिथे, म्हणजे त्या अंधाऱ्या मॉनिटरवर, संगणकाच्या हिशेबी अजून जागा होती. स्वाक्षरीचा पिन, म्हणजे गुप्त क्रमांक, विचारणारी चौकट तिकडे उघडून माझ्या उत्तराची वाट पाहत थांबलेली होती.

विंडोजची कळ आणि पी ही कळ एकत्र दाबल्यावर जी यादी उघडते, तिच्यातला ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ हा पहिला पर्याय मी निवडला. सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या, पिनची चौकटही आली, आणि विवरणपत्र वेळेत गेले.

मला तेवढ्यावर थांबता आले नाही, कारण हा प्रकार लहान रूपात मी कित्येक महिने पाहत होते. मॉनिटरचे बटण बंद केले तरी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन्ही पडदे दिसत आणि एखादी खिडकी अधूनमधून हरवे. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला होता. एका दुरुस्तीच्या दुकानात तर ‘मॉनिटरचा बोर्ड गेला आहे, बदलावा लागेल’ असे सांगून खर्चाचा आकडाही दिला गेला होता. तो खर्च मी केला नाही, याचे आज फार समाधान वाटते, कारण मॉनिटरमध्ये कसलाही बिघाड नव्हता.

हे मला उलगडून दाखवले माझ्या भाच्याने. तो इथल्याच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. रविवारी घरी आला तेव्हा त्याने आधी मॉनिटरची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढायला सांगितली. तरीही लॅपटॉपवर दोन पडदे दिसतच राहिले. मग त्याने लॅपटॉपवरचे चित्र मॉनिटरकडे नेणारी एचडीएमआयची केबल मॉनिटरच्या मागून उपसली, आणि दुसरा पडदा तत्क्षणी नाहीसा झाला. ‘मावशी, संगणक उजेड बघत नाही गं, तो फक्त तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे का ते विचारतो,’ असे तो म्हणाला.

ही विचारणा कशी होते, ते मला फारच आवडले. एचडीएमआयच्या जोडणीत १९ पिना असतात. त्यांतल्या १८ व्या पिनेवरून संगणक स्वतःच ५ व्होल्ट वीज मॉनिटरकडे पाठवतो. बऱ्याच मॉनिटरांमध्ये ही वीज सुमारे १,००० ओहमच्या एका रोधकातून थेट १९ व्या पिनेवर परत येते, आणि १९ व्या पिनेवर व्होल्टेज आले की संगणक समजतो की पलीकडे मॉनिटर आहे. या फेऱ्यात मॉनिटरच्या स्वतःच्या विजेचा कुठेही संबंध येत नाही. म्हणून घरची वीज गेलेली असतानाही, लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल तोवर, हा फेरा पूर्ण होत राहतो. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर नेमके हेच चालले होते.

याच्या पुढची गोष्ट त्याहून नवलाची आहे. प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याची ओळख सांगणारी माहिती एका छोट्या स्मृतीत साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात, आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. उत्पादक कोण, पडद्याची लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, कोणती रिझोल्यूशन चालतील, हे सारे त्यात असते. निर्मितीचे वर्षही असते, आणि ते १९९० पासून किती वर्षे झाली अशा रूपात लिहिलेले असते. ही स्मृतीसुद्धा संगणकाकडून आलेल्या त्या ५ व्होल्टांवर वाचता येते. भाच्याने त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपला माझा मॉनिटर जोडला, मॉनिटरची वीज पूर्ण तोडली आणि तरीही ही माहिती वाचून दाखवली. काळ्याकुट्ट पडद्याकडून त्याचे निर्मितीचे वर्ष कळताना पाहून मी थक्क झाले.

सगळ्या जोडण्या अशा नसतात, हेही इथे सांगायला हवे. डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर जोडण्याच्या दुसऱ्या प्रकारात जोडणीची खूण मॉनिटर स्वतःच्या सर्किटातून देतो, त्यामुळे बटण बंद करताच संगणकाच्या यादीतून गायब होणारे मॉनिटर त्या प्रकारात पुष्कळ आढळतात. तिथे तक्रार उलटी असते: पडदा घटकाभर बंद केला की मांडून ठेवलेल्या खिडक्या दुसऱ्या पडद्यावर जाऊन कोंबल्या जातात. खिडक्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून विंडोज ११ मध्ये एक वेगळी सेटिंगच दिलेली आहे. हे समजल्यावर एचडीएमआयच्या वागण्याला दोष म्हणावेसे मला वाटेना. मॉनिटर क्षणभर बंद करून पुन्हा लावला तर मांडणी तशीच राहते, ही त्याची मोठी सोय आहे. उणीव एवढीच, की मॉनिटर बंद ठेवून काम चालू ठेवायचे असेल, तर ते आपल्याला संगणकाला वेगळे सांगावे लागते.

ते सांगण्याचे मार्ग फार अवघड नाहीत. वर सांगितलेल्या दोन कळा सर्वांत सोप्या. सेटिंगमध्ये बाहेरचा पडदा निवडून तो तोडण्याचा पर्यायही मिळतो. खिडकी तिकडे अडकलीच असेल, तर आल्ट आणि टॅब या कळांनी ती निवडावी आणि विंडोज व शिफ्ट दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबावा, म्हणजे ती दुसऱ्या पडद्यावर येते. केबल उपसणे हा खात्रीचा उपाय आहे, पण रोज उपसाउपशी केली तर लॅपटॉपचे सॉकेट सैल होते, म्हणून मी तो टाळते.

माझ्या बाबतीत खरी चूक मात्र वेगळ्याच ठिकाणी होती, आणि ती शेवटी सापडली. आकडे मोठे दिसावेत म्हणून मी बाहेरच्या मॉनिटरलाच मुख्य पडदा ठरवून ठेवले होते, आणि नव्या चौकटी बहुधा मुख्य पडद्यावर उघडतात. बॅटरीवर चालणारा पडदा हाताशी असताना, वीज गेली की विझणाऱ्या पडद्याला मी तो मान दिला होता. आता लॅपटॉपचा पडदा मुख्य केला आहे आणि मोठ्या मॉनिटरवर फक्त खतावणी उघडी असते. जूनच्या २० तारखेलाही पाऊस होता, दुपारी दोनदा वीज गेली. खतावणी तेवढी अंधारात गेली, पण पिनची चौकट माझ्या समोरच उघडली.