फियाट आणि तुडतुडे

सोमवार

आंब्याखाली गाडी लावू नये हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शेडचे पत्रे उडाले, शेजारच्या आगरात जाऊन पडले, आणि काकांची फियाट उघड्यावर आली ती आलीच. त्या वर्षी दापोली तालुक्यात माणसांच्या डोक्यावर कौलं नव्हती, गाडीचं कोण बघणार? पुढे काकाच गेले. गाडी हापूसखाली ढकलून ठेवली होती, तिथेच राहिली.

शिमग्याला आलो तर काकूने चहाच्या आधी विषय काढला. "पालखी अंगणात येते तेव्हा पहिली ती गाडी दिसते रे. लोक काय म्हणतील? काहीतरी कर तिचं."

माझ्या डिकीत पॉलिशचं सगळं सामान असतं, हे तिला ठाऊक आहे. पुण्यात रविवारी मी मित्रांच्या गाड्या घासत बसतो, याला ती 'शिकून सवरून धंदे' म्हणते.

आज नुसती पाहणी केली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, बोलण्यात फियाट; १९८४, आकाशी रंग. गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग बाकासारखी सीट, १०८९ सीसीचं इंजिन. पेशंट बघायला काका हीच घेऊन जायचे आणि परत येताना मागच्या सीटवर फणस नाहीतर तांदळाचं पोतं असायचं. आता टपावर काळा थर आहे. धूळ म्हणावी तर बोटाला चिकटतो. हे काम तुडतुड्यांचं. मोहरातला रस पिऊन ते चिकट गोड पाणी खाली सोडतात, चिकटा म्हणतात तो. त्यावर काळी बुरशी धरते. झाडाची पानं काळी पडतात, तशीच खालची गाडीही. झाडावर कधी काय फवारायचं ते कृषी विद्यापीठ सांगतं, गाडीचं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

बॉनेटवर चिकटा कमी, तिथे ऊन जास्त. बोट फिरवलं तर निळसर पांढरी पूड आली. रंगाला धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं आणि आतली रंगद्रव्यं मोकळी होऊन पूड बनून वर येतात. फिकट रंगात टायटॅनियमचा पांढरा भरपूर असतो, आणि तो उन्हात या मोडतोडीला हातभारच लावतो. डिकी उघडून झाकणाची आतली कड पाहिली. तिथे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाला तसा रंग अजून आहे, गडद, ओलसर दिसणारा. बाहेरचा आणि आतला एकच रंग आहे, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पूड आली याचा मला आनंदच झाला. हल्लीच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तो सोलायला लागला की पॉलिशवाल्याच्या हातात काही उरत नाही. या फियाटचा रंग मात्र वरपासून अस्तरापर्यंत, म्हणजे खालच्या प्रायमरपर्यंत, एकच. वरचा मेलेला भाग अलगद काढला तर खाली जिवंत रंग असतो. किती असतो, हा खरा प्रश्न.

मंगळवार

पहाटे सुरुवात केली. ऊन चढलं की पत्रा तापतो, शाम्पू अंगावरच वाळतो आणि डाग पडतात ते वेगळेच.

आधी पालापाचोळा. वायपरखालच्या जाळीतून घमेलंभर निघाला. आरशाच्या मागे कुंभारणीने मातीची घरं बांधलेली, ती भिजवून काढली. काचांच्या रबरांत शेवाळ. मग नुसतं पाणी, विहिरीवरच्या पंपाचं, बराच वेळ. कोरड्या धुळीवर फडकं फिरवायचं नाही हा पहिला नियम, कारण जांभ्याची धूळ म्हणजे पॉलिशपेपरच. काकूच्या गड्याने मदतीच्या उत्साहात फडकं उचललंच होतं, त्याला पंपावर बसवला.

चिकट्याला कोमट पाणी आणि गाडीचा शाम्पू. फेस लावून दहा मिनिटं थांबायचं, मऊ केसांच्या ब्रशने फिरवायचं, धुवायचं, पुन्हा तेच. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, स्पंज आधी तिच्यात खळबळायचा. काळं पाणी अंगणातून तुळशीपर्यंत गेलं तेव्हा काकू बाहेर आली. "रॉकेल मार ना सरळ. हे तेच करायचे."

काकाच नव्हे, सगळा महाराष्ट्र तेच करायचा. रॉकेल-डिझेलचं फडकं मारलं की गाडी त्या दिवसापुरती झळकते. तेलकटपणावर संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याची धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ फडक्याने घासली जाते. कपड्यांच्या पावडरीने धुणारे तर आणखी थोर. अर्थात हे मी काकूला म्हटलं नाही. गाडी चाळीस वर्षं टिकली ती त्यांच्या हातात, माझ्या नव्हे.

दुपारी दारांची खालची भोकं तारेने मोकळी केली. बहुतेकांना ही भोकं असतात हेच माहीत नसतं. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती पाल्याने बुजली की दार आतून भरतं आणि पत्रा आतल्या बाजूने सडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या गावात हे काम पॉलिशच्या कितीतरी आधीचं. मागच्या डाव्या दारातून चिखल निघाला, त्यात गांडूळ.

बुधवार

हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवला. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं: धुतलेली गाडीसुद्धा खरखरीत लागते. मग क्ले बार, रंगात रुतलेले कण ओढून काढायला. कणकेच्या गोळ्यासारखी ती मातकट वडी मळायची, शाम्पूचं पाणी फवारायचं आणि दाब न देता सरकवायची. आधी करकर आवाज येतो, मग तो बंद होतो. तेवढा भाग झाला.

चिमण्या-कावळ्यांचे डाग तसेच राहिले. विष्ठेतल्या आम्लाने रंगात खड्डा पडलेला असतो, तो धुऊन जात नाही.

दापोलीचे मेस्त्री येऊन गेले. माणूस चांगला, इंजिनात हात आहे. "दादा, कशाला जीव काढताय? गॅरेजला आणा, मशीनने रबिंग मारतो, अर्ध्या तासात चकाचक." त्यांचं मशीन मला माहीत आहे. लोकरीचं पॅड, जाड कंपाउंड आणि भरपूर वेग. चकाचक होतं हे खोटं नाही. त्या अर्ध्या तासात रंग किती गेला ते कोणी मोजत नाही, एवढंच.

मी मोजतो. जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवलं की रंग आणि अस्तर मिळून किती मायक्रॉन ते दिसतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. बॉनेटवर ११० च्या आसपास आकडे आले, टपावर ७०-८०, काही ठिकाणी त्याहून कमी. डाव्या मागच्या मडगार्डावर एकदम ४०० च्या वर: तिथे कधीतरी गाडी ठोकली होती, पुट्टी भरून रंग मारलाय. काकूला विचारलं तर म्हणाली, "गाडी कधी ठोकली नाही ह्यांनी." मी लोहचुंबक लावून दाखवलं. बॉनेटला घट्ट चिकटला, मडगार्डावरून घसरून खाली पडला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग स्वतःशीच म्हणाली, "खेडला गेले होते तेव्हा असणार."

टपावर मशीन लावायचं नाही, हे आज ठरलं. तिथे दोन-तीन ठिकाणी राखाडी अस्तर दिसतंय, ते दिसू दे.

गुरुवार, रात्र

वाळलेल्या रंगाला कापायच्या, म्हणजे पॉलिशने वरचा थर काढायच्या, आधी तेल पाजायचं, ही जुनी पद्धत. मेग्वायर्सचं ७ नंबरचं ग्लेझ तेलकट असतं आणि ते रंग कापत नाही. टर्किश टॉवेलच्या तुकड्याने जाड थर चोळायचा आणि रात्रभर तसाच सोडायचा. काल रात्री लावून ठेवलं होतं. सकाळी बॉनेटवर वितभर जागा पुसली.

आधी टॉवेल पाहिला. तो निळा झाला होता, पूड आली होती तसा फिका नाही, चांगला निळा. मग पत्रा. पुसलेल्या वितभर जागेत माडाच्या झावळ्या दिसत होत्या, पात्या मोजता येतील अशा. कडेला, जिथे पुसलं नव्हतं, तिथे सगळं धुरकट. या दोन्हींच्या मधली रेघ मी बराच वेळ बघत बसलो. काकूला हाक मारली. तिने पदराने हात पुसत पाहिलं आणि म्हणाली, "हाच रंग होता. मला वाटलं मीच विसरले."

मग दिवसभर बाकीचं. सपाट भागांवर मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश, मशीन हळू. फियाटला धारा फार: बॉनेटवरची घडी, मागचे छोटे पंख, दाराच्या कडा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, मशीनच्या एका फेऱ्यात पत्रा उघडा पडतो. तिथे आधी मास्किंग टेप लावली, नंतर टेप काढून हाताने केलं. खांदे भरून आलेत.

बंपरच्या क्रोमला काकूच्या चपात्यांच्या फॉईलचा बोळा, पाण्यात बुडवून. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि वरवरचा गंज निघतो. खोल खड्डे राहतात. गड्याला हे काम इतकं आवडलं की त्याने मागचा बंपर संपवून विहिरीचा नळही घासला.

डिकीवर मात्र पंचाईत झाली. काकांनी तिथे लाल क्रॉसचा स्टिकर लावला होता. ते चिन्ह १९६० च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांनाही परवानगीशिवाय वापरता येत नाही. कुठूनतरी हे कळल्यावर त्यांनी तो खरवडून काढला होता. स्टिकर गेला, पण जितकी वर्षं तो होता तितकी वर्षं खालच्या रंगाला ऊन लागलं नव्हतं. त्यामुळे तिथे गडद निळा क्रॉस उमटलाय. ग्लेझने भोवतालचा रंग उघडला तसा क्रॉसही उठून आला. मला वाटलं काकूला गहिवरून येईल. ती म्हणाली, "नोटीस येईल म्हणून काढला, आणि हा बसलाय आपला. घासून टाक."

घासून जाणार नाही, सांगितलं. फरक खोलवर गेलाय. तो नाहीसा करायचा तर आजूबाजूचा सगळा रंग काढावा लागेल. "मग त्यावर पोरांचा कसला तरी स्टिकर लाव," असं म्हणून ती आत गेली.

शनिवार

काल वॅक्स. पातळ थर, धूसर झाल्यावर पुसायचा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ठाण्याहून दादाचा फोन. त्याने फोटो पाहिले आणि त्याला तर उत्साहच आला: आता पूर्ण रिपेंट करू, चेरी लाल, आलॉय व्हील्स. मी म्हटलं, रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, त्यासाठी आरटीओ. शिवाय पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, ते आधीच थकलंय. आरटीओचं नाव काढल्यावर त्याचा उत्साह जरा उतरला. खरं कारण मी सांगितलं नाही. नवा रंग कुठल्याही गॅरेजात पैसे मोजून मिळतो. कुर्ल्याच्या कारखान्यात लागलेला रंग आता कुठेच मिळत नाही, आणि जो उरलाय तो गेल्यावर संपला. टपावरचे राखाडी चट्टे, पंखावरचा खड्डा, डिकीवरचा क्रॉस यांच्यासकट ती चांगली दिसते. 'शोरूमसारखी' हा शब्द मला पॉलिशच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा शब्द वाटतो.

काकूला वेगळीच धास्ती होती. "मुंबईत फियाटच्या टॅक्सी मोडीत काढल्या म्हणे. ही पण नेतील?" त्या टॅक्सी होत्या, त्यांना वीस वर्षांची मर्यादा. शेवटची २००३ साली नोंदलेली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी गाडीला तो नियम नाही, हे समजावलं. तिने मान हलवली, पण कागदपत्रांची पिशवी माझ्याकडे दिली.

पालखी काल संध्याकाळी अंगणात नाचली. खेळे, ढोल, गुलाल, सगळं झालं. दोन म्हाताऱ्या गाडीला हात लावून गेल्या, एकाने काकांची आठवण काढली, पोरांनी आरशात भांग पाडले. आज सकाळी बॉनेटवर गुलाल होता. फडकं न लावता पाण्याने उतरवला. वॅक्समुळे सरळ वाहून गेला.

आता छपराचं. ताडपत्री घालू नको, असं काकूला बजावलंय. पावसाळ्यात खाली ओल कोंडते आणि रंगावर पांढरे फोड येतात. पत्रेवाला दुपारी येऊन माप घेऊन गेला. लोखंडी सांगाडा, या वेळी पत्र्यांना दुप्पट हुक, आणि जागा आंब्यापासून लांब, गोठ्याच्या बाजूला. त्याने मे महिन्याच्या शेवटी म्हटलं. काकूने मिरगाच्या आत पाहिजे म्हणून त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि आगाऊ रकमेतले पाचशे कमी केले.

मेस्त्री सोमवारी पेट्रोलची टाकी उतरवणार आहेत.