मास इफेक्ट: दुसराच नाद खुळा

रंकाळ्याच्या कट्ट्यावर मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की जुंपतेच. २०१२ च्या तिसऱ्या भागात गोळीबार सरस, हे मान्य. पण २०१० च्या दुसऱ्याची, शत्रूच्या तळावरची शेवटची मोहीम? तोड नाही! तिथं माणसं तुमच्याच निवडीनं मरतात. जहाजाचं चिलखत वाढवलं नाही, तर जॅक ही साथीदार वाटेतच गेली. तळावर साथीदारांना कामं अशी वाटा: नळीतून आत टाली, दोन्ही वेळा दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या गॅरस, बायोटिक म्हणजे मनाच्या शक्तीच्या कवचाला समारा. तिघांची लॉयल्टी मिशन, म्हणजे त्यांची निष्ठा मिळवून देणारी खासगी कामं, आधी उरका. मॉर्डिनला मागं राखणीला ठेवलंत तर राखणाऱ्यांच्या ताकदीची सरासरी घसरते, म्हणून त्याला तळावरून सोडवलेल्या आपल्या खलाशांसोबत जहाजावर परत धाडा. ग्रंट, झाईद हे तगडे गडी राखणीला मागं राहू देत. आणि शत्रूनं जहाजावरचे खलाशी पळवले की थेट ओमेगा-४, म्हणजे त्याच्या तळाकडं नेणारं अंतराळद्वार, गाठा. मधे एक-दोन मिशन केलीत की निम्मे खलास.

आणि पहिल्या भागातली माको ही चिलखती गाडी? डोंगर चढताना उलटणारं धूड नुसतं.