सीतेची आसवे अखेर जांभळी. सबस्क्रिप्शनचा बेत मात्र बदलला

मंडळी, कास पठारावरचं जांभळं फूल फोटोत निळं दिसण्याचा घोळ बराचसा सुटला. सीतेच्या आसवांचं फूल पहिल्यांदाच स्क्रीनवर जांभळं दिसतंय आणि पाकळीतल्या शिराही जागच्या जागी आहेत. इतका आनंद मला गेल्या वर्षी मॅक्रो लेन्स घेतली तेव्हाही झाला नव्हता.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की फोटोग्राफी आणि एडिटिंगचं एखादं वर्षभराचं ट्रेनिंग सबस्क्रिप्शन घ्यायचं आहे आणि निवड करायची पद्धत ठरली आहे. साइटवर किती हजार तास व्हिडिओ आहेत याकडे बघायचंच नाही. ट्रायल सुरू करायची, माझी अडलेली रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद, कॅमेऱ्याने जेपेग न केलेली) समोर ठेवायची आणि ती सोडवायला कोण मदत करतं ते पाहायचं. फाइल तुम्हाला माहीत आहेच: निकॉन डी ७५०० कॅमेरा, टोकिना १०० एमएम मॅक्रो लेन्स, ढगाळ सकाळ, पठारावर पाणी साचलेल्या भागातली युट्रिक्युलेरिया, म्हणजेच सीतेची आसवे. डोळ्यांना स्वच्छ जांभळं दिसणारं फूल अडोबीच्या लाइटरूम या एडिटिंग प्रोग्राममध्ये उघडलं की शाईसारखं निळं. व्हाइट बॅलन्स हलवून फूल जांभळं करायला जावं तर गवत विटकरी होतं.

ही फाइल घेऊन मी शोधायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: एचएसएलमध्ये (एकेका रंगाच्या पॅनेलमध्ये) जा, पर्पल आणि ब्लूचे ह्यू, म्हणजे छटेचे, स्लायडर सरकवा. करून पाहिलं. फूल जांभळं होतं, पण त्याच्या मागच्या ओल्या कातळावर आभाळाचं जे निळसर प्रतिबिंब आहे, तेही जांभळं होतं. लाइटरूममध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात आलेलं पॉइंट कलर हे साधन याहून पुष्कळ बरं. ड्रॉपरने नेमका रंग उचलता येतो, रेंज आवळता येते. तरी पाकळीच्या कडेला, जिथे जांभळा फिका होत पांढऱ्यात मिसळतो, तिथे निळी किनार राहतेच. कॅलिब्रेशन पॅनेलमधला ब्लू प्रायमरीचा ह्यू उजवीकडे नेला तर ती किनारही जाते, पण ते पॅनेल चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला हात लावतं. गवताचा पोत बदललेला मला लगेच जाणवला.

म्हणजे हे सगळे इलाज लक्षणांवरचे. मूळ कारण कोणी सांगेना. ते सापडलं फुकटात! मार्क लेव्हॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. स्टॅनफर्डमधला त्यांचा कोर्स त्यांनी २०१६ मध्ये गूगलमध्ये पुन्हा शिकवला, त्याची ही रेकॉर्डिंग्ज. पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यातल्या एचडीआर प्लस तंत्रामागचे हेच गृहस्थ. त्यांची रंगावरची व्याख्यानं सावकाश, वही घेऊन पाहिली. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या कोन पेशींचे आलेख, मग सेन्सरवरच्या फिल्टरांचे आलेख, मग दोन्ही का जुळत नाहीत ते. आपल्या डोळ्यातल्या लांब तरंगलांबीच्या कोन पेशी वर्णपटाच्या जांभळ्या टोकालाही थोडा प्रतिसाद देतात. सेन्सरवरचा लाल फिल्टर तिथे तसाच प्रतिसाद देईल याची खात्री नसते. लाल अधिक निळा मिळून झालेला जांभळा, म्हणजे एखादा शर्ट किंवा बॅनर, कॅमेऱ्याला जमतो. फुलाचा जांभळा मात्र वेगळ्या घडणीचा असतो, त्यात लाल चॅनेलला (फाइलमधल्या लाल रंगाच्या नोंदीला) काही मिळालंच नाही तर फाइलमध्ये निळाच उरतो. सेन्सरच्या तीन आकड्यांवरून रंग ठरवण्याचं काम कॅमेरा प्रोफाइल करतं. तेव्हा इलाजही तिथेच हवा, स्लायडरांच्या आधी.

इथून शोधाची दिशाच बदलली. आता मी ट्रायलमध्ये ‘पर्पल फ्लॉवर’ न शोधता ‘कॅमेरा प्रोफाइल’ शोधू लागलो. लिंक्डइन लर्निंग इथे फार उपयोगी पडलं, कारण तिथे व्हिडिओचा सगळा मजकूर (ट्रान्सक्रिप्ट) लिहिलेला असतो आणि त्यात शब्द शोधता येतो. ज्याला नेमकं दोन मिनिटांचं उत्तर हवंय त्याच्यासाठी याहून मोठी सोय नाही. मूळची लिंडा डॉट कॉम, १९९५ पासूनची, २०१५ मध्ये लिंक्डइनने घेतली. मजकूर नीट लावून ठेवायची शिस्त दिसते. ज्युलिअ‍ॅन कॉस्ट यांचे लाइटरूम क्लासिकचे कोर्स तिथेच आहेत. त्या एक वाक्य फुकट घालवत नाहीत. (अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आधी आपल्या पब्लिक लायब्ररीत विचारावं. अनेक ठिकाणी लायब्ररी कार्डावर लिंक्डइन लर्निंग फुकट मिळतं. इथे बसून मला त्यांचा हेवा वाटतो.)

प्रोफाइल बदलायला सुरुवात केली. लाइटरूममधल्या अडोबी कलर प्रोफाइलवरून कॅमेरा न्यूट्रलवर आलो तेवढ्यानेच फूल निळ्याकडून थोडं सरकलं. स्वतःचं प्रोफाइल करायला कलरचेकर, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं कार्ड, लागतो. तो कराडच्या मित्राकडे आहे, तो साड्यांचं प्रॉडक्ट शूट करतो. मागायला गेलो तर म्हणाला, “घेऊन जा, पण सोमवारच्या आत आण. रंग चुकला की गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. हे कार्ड माझ्या बॅगेत बॅटरीच्या आधी जातं.”

कार्ड घेऊन पुन्हा पठारावर. आभाळ तसंच भरलेलं मिळालं हे नशीब. कुंपणाबाहेरच्या एका कातळावर कार्ड टेकवलं, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आहे ना ते पाहिलं, सावली पडू नये म्हणून बाजूला सरकलो आणि एक्सपोजर बदलत चार फ्रेम घेतल्या. २४ चौकोनांत पाचवा चौकोन ‘ब्लू फ्लॉवर’ नावाचा आहे. १९७६ मध्ये हे कार्ड आलं तेव्हापासून निळ्या फुलाचा रंग त्यात मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे आपलं दुखणं फिल्मच्या काळापासूनचं. घरी येऊन फ्रेम डीएनजी या रॉ प्रकारात बदलल्या, प्रोफाइल बनवलं, लाइटरूम बंद करून उघडलं आणि जुन्या फाइलला लावलं. फूल जांभळं. कातळावरचं आभाळ निळं. गवत गवताच्या रंगाचं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “हे असंच होतं की तिथे.” याहून मोठी पावती मला नको.

प्रोफाइल कॅमेऱ्याचं असतं, त्या एका फोटोचं नसतं. ढगाळ उजेडातल्या गेल्या वर्षीच्या फाइल्सनाही ते चालतंय. टोपली कारवीच्या फ्रेमही सुधारल्या.

आता उरलेला पाव हिस्सा, आणि त्यानेच जास्त रात्री खाल्ल्या. रंग जमला, पण एक्सपोर्ट करून फोनवर पाठवलं की पाकळी सपाट. घशाजवळचा फिकट डाग तेवढा दिसतो, बाकी सगळा एकसारखा ठिपका, शिरा गायब. लाइटरूमच्या डेव्हलप भागात हिस्टोग्राम (उजेड-रंगाचा आलेख) मात्र अगदी निर्दोष! कारण लाइटरूम आत प्रोफोटोएवढ्या रुंद कलर स्पेसमध्ये (रंगांच्या कक्षेत) काम करतं आणि हिस्टोग्रामही तिथलाच दाखवतं. एस दाबून सॉफ्ट प्रूफ (एक्सपोर्टनंतर फोटो कसा दिसेल त्याची झलक) चालू करा, तिथे प्रोफाइल म्हणून एसआरजीबी ही फोन-स्क्रीनची अरुंद कलर स्पेस निवडा (हे कॅमेरा प्रोफाइल नव्हे) आणि पाकळीवर कर्सर न्या. माझ्याकडे हिरव्याचा आकडा पाकळीभर शून्य. शिरेवर शून्य, दोन शिरांच्या मधेही शून्य. एक अख्खा चॅनेल तळाला टेकल्यावर शिरा दिसणार कुठून?

एका नावाजलेल्या साइटवरच्या धड्यात यावर ‘रेंडरिंग इंटेंट परसेप्च्युअल करा’ असा सल्ला आहे, म्हणजे कक्षेबाहेरचे रंग आत कसे बसवायचे त्याची सेटिंग बदला. आलटून पालटून पाहिलं, एक आकडाही हलला नाही. हलणारही नाही. नेहमीचं एसआरजीबी प्रोफाइल मॅट्रिक्सचं, म्हणजे साध्या गणिती सूत्राचं असतं, त्यात परसेप्च्युअलचं कोष्टकच नसतं. पैसे घेऊन शिकवणाऱ्याने हे तपासून सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

उपाय हाताने करायचा. सॉफ्ट प्रूफ चालू ठेवून फुलापुरता मास्क (बदल तेवढ्याच भागावर व्हावा म्हणून), त्यात सॅच्युरेशन थोडं थोडं खाली, ल्युमिनन्स किंचित वर, आणि नजर हिरव्याच्या आकड्यावर. तो शून्यावरून उठून शिरांवर वेगळा आणि मधल्या भागात वेगळा दिसायला लागला की थांबायचं. जांभळेपण थोडं द्यावं लागतं, बदल्यात शिरा परत मिळतात. मला हा सौदा मान्य आहे. आणि शूट करतानाच कॅमेऱ्यावर आरजीबी हिस्टोग्राम लावा. पांढऱ्या एकत्रित आलेखात निळा चॅनेल वर फुटलेला कळत नाही.

तर सबस्क्रिप्शन. वर्षभराचं घेत नाही. माझ्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग फुकट व्याख्यानांनी सोडवला, दुसरा भाग लिंक्डइन लर्निंगच्या ट्रायलमधल्या लिहिलेल्या मजकुराने, आणि खरं काम केलं उसन्या कार्डाने. म्हणून वर्षाच्या पैशातून आधी स्वतःचा कलरचेकर. लिंक्डइन लर्निंग फक्त एक महिना, तेही दिवाळीच्या सुट्टीत, ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधायच्या शब्दांची यादी आधी तयार करून. फोटोशॉपचं मास्किंग आणि रिटचिंग खोलात शिकायची वेळ येईल तेव्हा फ्लर्न ही साइट. तिथल्या आरन नेस यांची शिकवण्याची लय मला आवडते आणि सरावाच्या फाइल्स सोबत मिळतात. स्कॉट केल्बी यांची केल्बीवन ही साइट लायटिंगकडे वळलो की बघेन.

तुम्ही ट्रायल घेणार असाल तर सरावाच्या फाइल्स रॉ आहेत की जेपेग, हे आधी बघा. जेपेगवर प्रोफाइलचा धडा शिकताच येत नाही. आणि लाइटरूमचा कोर्स २०२१ च्या ऑक्टोबरनंतरचा हवा. मास्किंग तेव्हा मुळापासून बदललं, त्याआधीचे धडे पाहताना निम्मा वेळ बटणं शोधण्यात जातो.

पैशांचं एक सांगायलाच हवं. परदेशी साइटवर मासिक ऑटो-रिन्यूअल आपल्या बँकेच्या कार्डावर कधी चालतं, कधी अडतं. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) नियमांमुळे (ऑक्टोबर २०२१ पासून) दर वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि मँडेटची नोंद झालेली नसेल तर बँक व्यवहार नाकारते. एका साइटवर माझं असंच झालं: पैसे गेले नाहीत, खातं गोठलं आणि अर्धा पाहिलेला कोर्स बंद. आता मी एकेका महिन्याचे ओटीपी टाकून भरतो. डॉलरमधली किंमत बघताना बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आणि १८ टक्के जीएसटी धरूनच हिशेब करा.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. डार्कटेबल या फुकट एडिटिंग प्रोग्राममध्ये ३.४ आवृत्तीपासून कलर कॅलिब्रेशन मॉड्यूल आहे आणि आता त्यात कलरचेकरची फ्रेम थेट वाचता येते. म्हणजे कार्डाच्या त्याच चार फ्रेम तिथे घालून अडोबीशिवाय हाच जांभळा मिळतो का, ते पाहता येईल. मिळाला तर अडोबीच्या प्लॅनचाही पुन्हा विचार करावा लागेल. कार्ड सोमवारच्या आत परत करायचंय, पण फ्रेम माझ्याकडे आहेतच. आज रात्री डार्कटेबल उतरवून घेतो. दोन्हीकडचे पाकळीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढच्या नोंदीत टाकेन. कोणाकडे डी ७५०० आणि उन्हात घेतलेली कलरचेकरची रॉ असेल तर मला हवी आहे, माझं प्रोफाइल फक्त ढगाळ उजेडाचं आहे.