आधी ही फळी पाहा

"काकू, तेल नंतर मारू. आधी ही फळी पाहा नं," म्हणत तेल मारायला आलेल्या गड्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, कडेच्या फळीत दाबलं. लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. वरून सागवान अगदी ठणठणीत दिसत होतं.

नागपूरच्या धरमपेठेतल्या घराचा डेक आणि लाकडी कुंपण घासून तेल मारायचं होतं. याच्या आधी आलेले चौरस फुटाचा दर सांगायचे आणि दुरुस्तीचं काढलं की "त्याला सुतार पाहा." आता एका फळीसाठी अन् बिजागरीच्या दोन स्क्रूंसाठी कोणता सुतार येतो, बाप्पा? "उद्या येतो" म्हणतात, तो उद्या काही उजाडत नाही.

हा गडी दोन्ही करतो. वर आलेले खिळे काढून स्क्रू बसवले. "मे महिन्यात ४५ डिग्रीत लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, अन् खिळा वर सरकते. त्याच्यावरून मशीन फिरवली तर माझाच सँडपेपर फाटते." नवीन फळीच्या कापलेल्या टोकांना तेल दोनदा पाजलं, पाणी तिथूनच जास्त शिरतं. फाटक उचलून बसवलं, आता फरशी खरवडत नाही.

बिलात दुरुस्तीची वेगळी ओळ होती. फळी, स्क्रू, थोडी मजुरी. मला तेच आवडलं. "फुकट" म्हणाला असता तर दरात कुठं लपवलंय ते शोधत बसले असते.

तुमच्याकडे ही किरकोळ कामं कोण करून देतं?