ठाण्याचा किल्ला, बाहेरूनच

"ठाण्यात किल्ला? कुठेय?" डोंबिवलीचा आतेभाऊ वीस वर्षं लोकलने ठाण्यावरून ये-जा करतोय, तरी त्याचा हा प्रश्न. म्हणून २८ डिसेंबरला मुद्दाम त्याला घेऊन गेलो. १७७४ साली याच तारखेला इंग्रजांनी हा किल्ला घेतला.

आधीच सांगतो, आत जाता येत नाही. किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. बाहेरून तट बघायचा, मोबाइल खिशातच ठेवायचा. स्टेशनच्या पश्चिमेकडून जांभळी नाका, कोर्ट नाका असं रमतगमत वीसेक मिनिटांत पोचता. रिक्षा घेऊ नका, बाजारात अडकाल.

तटासमोर उभं राहून भावाला कहाणी सांगितली. किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीसकट, म्हणजे ज्या बेटावर ठाणं आहे त्यासकट, तो जिंकला. मग १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. राघोबादादा एकीकडे, नाना फडणवीस-सखारामबापूंचे बारभाई दुसरीकडे. घरातच जुंपली. मुंबईकर इंग्रजांचा साष्टीवर जुना डोळा होता, त्यात पोर्तुगीज ती परत घ्यायला येताहेत अशी बातमी आली. राघोबांशी तह व्हायच्या आतच इंग्रजांनी ठाण्यावर तोफा लावल्या! खंदक बुजवायचा पहिला प्रयत्न शिबंदीने उधळला, दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला पडला आणि आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसनही या वेढ्यातल्या जखमेने मेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात राघोबांनी इंग्रजांना साष्टी लिहून दिली, म्हणजे गेलेलीच वस्तू दान केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी नाही.

भाऊ म्हणाला, "म्हणजे भाऊबंदकीत गेला." आम्हा दोघांच्या गावच्या जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे मी गप्प बसलो.

याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या जॅक्सन-वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना फाशी झाली. तिथे दोन मिनिटं थांबाच.

मग कळव्याच्या पुलावर चालत जा. खाडी बघितल्याशिवाय किल्ला इथेच का, ते कळत नाही. आम्ही ओहोटीला गेलो आणि नुसता चिखल बघितला. तुम्ही भरतीची वेळ पाहून निघा. टोपी न्या, पुलावर सावली नाही. परतताना मामलेदार कचेरीजवळची मिसळ खा, पण तिखट सोसत नसेल तर आधीच कमी सांगा. भावाने सांगितलं नाही आणि कोपिनेश्वरापर्यंत नाक पुसत आला.