नवेगावबांध: पानातली वर्दळ

गोंदिया-बल्लारशा गाडीने अर्जुनीला उतरलो, पुढे ऑटोने नवेगावबांध. डिसेंबरची सकाळ, तलावावर धुकं, धिवरांचे डोंगे परतीला लागलेले. बघायचं होतं ते पाणवनस्पतींच्या जिवंत पेशीत आतला रस आणि कण सतत फिरत असतात ते. सोबत आरशावर चालणारा सूक्ष्मदर्शक, लाइटीचा भरवसा नको म्हणून.

हायड्रिला ही पाणवनस्पती काठालाच हाती लागते. शेंड्याकडचं कोवळं पान चिमट्याने तोडून तलावाच्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचं. क्लोरीनचं नळाचं पाणी नको. पान पेशींच्या दोनच थरांचं, त्यामुळे काप घ्यायची कटकट नाही. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी 400 पटींवर बघायच्या.

सकाळी सगळं थिजलेलं. पान मेलेलं नव्हतं, गारठलं होतं. कोवळ्या उन्हात पंधरा मिनिटं ठेवलं, कडेने थेंबभर पाणी सोडलं, आणि हिरवी हरितलवकं फिरायला लागली: एका भिंतीने वर, दुसरीने खाली. सगळंच एका दिशेने वाहत असेल तर काचेखालचं पाणी सरकतंय, तो आनंद फुकट. जागच्या जागी थरथरणारे कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात असतात.

ही ओढ मायोसिनची. हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूवरून चालतं, एका एटीपीमागे (पेशीच्या इंधनाचा रेणू) एक पाऊल, साधारण 35 नॅनोमीटरचं. 5 मायक्रोमीटरचं हरितलवक स्वतःच्या लांबीइतकं पुढे जायचं तर अशी दीडशेच्या आसपास पावलं. मायोसिनची ही मोटर दिसत नाही, दिसतो तो तिने ओढलेला माल.

खरी मजा कारा या हिरव्या शैवालाची. गावच्या उथळ, स्वच्छ बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शोधायची. चुन्याने खरखरीत, वास लसणासारखा. तिची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब. कोर्ती या इटालियन अभ्यासकाने 1774 मध्ये हा प्रवाह कारातच पाहिला. नवखा माणूस हिरव्या थराकडे बघतो आणि ‘बंद आहे’ म्हणतो. इथे हरितलवकं खिळलेलीच असतात. फोकस जरा आत न्या, बिनरंगी कण सेकंदाला 50 मायक्रोमीटरहून वेगाने धावताना दिसतील. काराचं मायोसिन ज्ञात मायोसिनांत सर्वांत वेगवान आहे.

चिमटा जोरात लागला तर पेशीत कॅल्शियम वाढतं आणि वर्दळ एकदम थांबते. फेकू नका, काही मिनिटांत परत सुरू होते.

नेताना रुंद तोंडाची बाटली, अर्धी भरलेली, ओल्या फडक्यात. ऑटोच्या टपावर ठेवली की दुपारपर्यंत तिचा काढा होतो.